रंगरेजाची भुरी

ओल्या कपड्याचा रंग कोणी विचारला तर चाचा उत्तर देत नसत. "वाळू द्या," एवढेच म्हणत. फेटा असो, लुगडे असो, दर्ग्याच्या उरसाची हिरवी चादर असो, पाणी निथळत असेतोवर त्या रंगाला नाव द्यायचे नाही हा त्यांचा नियम. गिऱ्हाईक फारच घाईला आले तर म्हणत, "ओला रंग झूठ बोलते भाऊ. वाळला का मंग पाहा." माणसांनाही ते हाच नियम लावत. गावात नवा तहसीलदार आला की लोक चाचांना विचारत, कसा वाटतो? चाचा पानाची पिचकारी टाकून म्हणत, "अजून ओला हाये."

मंगरूळपीरला मी त्यांच्या घरी तीन वर्षे भाड्याने राहिलो. पहिले महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती आणि जर्मन रंगाच्या पुड्या पुन्हा बाजारात यायला लागल्या होत्या. मी जंगल खात्यात कारकून होतो. माझ्याकडे रमण्याचे काम होते. रमणा म्हणजे गावाबाहेरचे सरकारी राखीव कुरण. कोणत्या पट्ट्यातले गवत कधी कापायचे, कोणाची गुरे आत शिरली, गंज्या किती झाल्या, याच्या याद्या मी ठेवत असे. याद्यांची मला आवडही होती. कचेरीच्या याद्या कचेरीत राहत, आणि घरी माझी एक वेगळी वही होती, तिच्यात रमण्यात दिसलेले पक्षी, साप, फुलपाखरे क्रमांकाने लिहिलेली.

घर रमण्याला लागूनच होते. पुढे ओसरीत रंगाच्या नांदी, आत चाचा आणि चाची, आणि बाजूच्या जिन्याने वर गेले की माझी खोली. त्यांना मूलबाळ नव्हते. चाची पडद्यात असत. तीन वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकला आणि हात पाहिले. चहाची कपबशी किंवा भाजीची वाटी पडद्याच्या कडेने बाहेर सरकवणारे ते हात कोपरापर्यंत रंगलेले असत, आज जांभळे तर उद्या पोपटी.

चाचांच्या सवयी मी तेव्हाच टिपून ठेवल्या होत्या. कापड हातात घेतले की आधी बोटांत चोळायचे, मग नाकाजवळ न्यायचे. कुसुंब्याची नांद ते वासावरून ओळखत, आणि नांदीत हात घालून तुरटी कमी पडली की जास्त झाली ते सांगत. गिऱ्हाइकाने रंगाचा नमुना म्हणून चिंधी आणली की ती मुठीत घेऊन म्हणत, "बसा. पान आणतो." आत जात, जरा वेळाने बाहेर येत आणि सांगत, "मोतिया. पण जरासा पिवळ्याकडं झुकते." अगदी बरोबर सांगत. पान मात्र कधी आले नाही. हेही मी टिपले होते. का येत नाही याचा विचार केला नव्हता.

आणि भुरी.

रंगवलेले फेटे चाचा रमण्याच्या कडेला झाडांच्या सावलीत गवतावर पसरून वाळवत. सरकारी गवतावर खाजगी कापड वाळवायला परवानगी नव्हती. मी ते पाहत नसे. फेट्याचे एक टोक दगडाखाली दाबून ते दुसरे टोक घेऊन चालू लागले की पायाजवळच्या गवतातून लहान लहान तपकिरी फुलपाखरे उठत. उठून लांब जात नसत. दोन-तीन उड्या मारल्यासारखे करून पुन्हा गवताच्या बुडाशी बसत आणि बसताच पंख मिटून घेत. चाचा त्यांना भुरी म्हणत.

"बाकीचे पाखरू फुलावर जाते," ते मला सांगत. "हे नाही जात. याले फूल नको. सडकं फळ पाहिजे, शेण पाहिजे, झाडाचा चीक पाहिजे. उन्हात नाचत नाही, गवताच्या सावलीत राहते. माह्यासारखं हाये. मीबी सावलीतच वाळवतो, उन्हानं रंग उडते."

दिवाळीच्या सुमारास सडकी सीताफळे ते मुद्दाम रमण्याच्या कडेला एका दगडावर मांडत. भुऱ्या येऊन सोंड लावून बसत. दगड घराच्या खिडकीसमोरच होता आणि वारा तिकडूनच यायचा. आतून चाचींचा आवाज येई, "अजी, तुमची भुरी एक आली अन् माशा हजार आल्या. पुढच्या साली माशाच पाळा!"

माझ्या वहीत भुरी दोन ठिकाणी होती. चौदाव्या क्रमांकावर पावसाळ्यातली. मिटलेल्या पंखांच्या बाहेरच्या बाजूला हिला ओळीने गोल ठिपके असतात, ठिपक्याभोवती पिवळे कडे, मध्ये काळे, त्यात पांढरा बिंदू, अगदी डोळ्यासारखे. पंधराव्या क्रमांकावर थंडीतली. हिच्या पंखांवर डोळे नाहीत, वाळक्या पानाचा रंग, फार तर सुईच्या टोकाएवढे चारदोन काळे कण. दोन्ही मी जवळून पाहिल्या होत्या. दोन जाती, दोन क्रमांक. एकदा सहज मी वही चाचांना वाचून दाखवली.

"चौदा अन् पंधरा एकच हाये," चाचा म्हणाले.

"एक कशी असेल? हिला ठिपके आहेत, हिला नाहीत."

"टिपके सोडा ना बाबू. चाल पाहा. कशी उठते, कशी बसते. एकच हाये ते. पावसात एक कपडा, थंडीत दुसरा."

मी वहीत खोडाखोड करत नाही. दोन्ही क्रमांक तसेच ठेवले.

हा वाद आमच्या दोघांतच राहिला असता तर काही बिघडले नसते. पण पौषातल्या एका सकाळी चाचांनी तेच वाक्य शेठसमोर म्हटले. शेठ म्हणजे बाजारातले कापडाचे दुकानदार. लग्नसराईचे सगळे फेटे ते चाचांकडून रंगवून घेत. चाचांचे निम्म्याहून अधिक काम त्यांचेच. ते वाळत घातलेले फेटे पाहायला रमण्याच्या कडेला आले होते, मीही तिथे होतो. पायाखालून भुरी उठली. चाचांनी कौतुकाने शेठना सांगितले की हीच भुरी पावसाळ्यात ठिपक्यांची असते.

शेठ हसले. "चाचा, थे वेगळी. माह्या मळ्यात लय पाह्यल्या मी. तिच्यावर मोराच्या पिसावानी डोळे असते. हिच्यावर कुठं हाये?"

"डोळे गेले शेठ. पाखरू तेच."

"हे दोन तुमाले सारखे दिसते?"

"सारखेच हाये."

शेठचे हसणे थांबले. ते थोडा वेळ चाचांकडे पाहत राहिले, मग फेट्यांकडे. म्हणाले, "चाचा, एवढा फरक तुमाले दिसत नसन, तं माह्या दोन फेट्यांतला फरक कसा दिसन?"

 चाचांनी खाली वाकून फेट्याची सुरकुती सारखी केली.

त्यानंतर शेठचे काम कमी कमी होत गेले. उन्हाळ्यात तर ते पुरते थांबले. बाजारात एवढेच कानावर आले की म्हाताऱ्याची नजर गेली. रंगरेजाबद्दल असे बोलले गेले की दुसरे काही बोलायची गरज राहत नाही. आषाढात शेठ स्वतः ओसरीवर आले. माणूस सरळ होता, जे होते ते तोंडावर बोलला.

"किन्हीराजाच्या पाटलाकडं लगन हाये, माघात. चाळीस फेटे, सारे एका रंगाचे. एक फेटा जरी वेगळा निघाला तं पाटील माह्या दुकानात पाय ठेवणार नाही. मी ते अकोल्याहून रंगवून आणतो चाचा. राग धरू नका."

"भुरीवरून ना?" चाचांनी विचारले.

"भुरीवरून."

"मंग भुरीवरूनच पाहा. टिपकेवालीच्या पोटची बिनटिपक्याची निघाली, तुमच्यासमोर निघाली, तं?"

शेठनी क्षणभर विचार केला. "तं मी म्हणन का तुमची नजर माह्याहून चांगली. चाळीसबी तुमालेच. पण लिहून कोण ठेवणार?"

चाचांनी माझ्याकडे हात केला. "बाबू ठेवते. बाबूच्या यादीत खोटं नसते."

अशी ती यादी सुरू झाली. पहिल्या खेपेला चाचांनी रंगरेजानेच करावी अशी चूक केली. भाद्रपदात रमण्यातून मातीसकट गवताचे ढेकूळ आणले आणि एका जुन्या फुटक्या नांदीत लावले. वर जुन्या फेट्याची मलमल ताणून बांधली. सडक्या पेरूवर आलेली एक ठिपक्यांची मादी मी आत सोडली. तिने पात्यांवर अंडी घातली, खसखशीहून थोडी मोठी, मोत्याच्या रंगाची. पाचव्या दिवशी अळ्या निघाल्या आणि नवव्या दिवशी गवत पिवळे पडले. नांदीत वीस वर्षांची तुरटी आणि चुना मुरलेला होता. अळ्या एकेक करून सुकून गेल्या.

"तीस साल रंग कालवले," पडद्याआडून चाची म्हणाल्या, "अन् गवताले काय चालते ते नाही समजलं. मले विचारायचं तं!"

"तुले माहीत होतं?"

"तुमी विचारलं का?"

दुसऱ्या खेपेला कुंभाराकडून कोरी नांद आणली. आश्विन सरत आला होता. सकाळी गवतावर दव पडू लागले होते आणि ठिपक्यांच्या भुऱ्या विरळ झाल्या होत्या. त्याच वेळी रमण्याची कापणी सुरू व्हायची होती. कोणता पट्टा आधी कापायचा ती यादी माझ्या हातची. चाचांचा कोपरा मी शेवटी टाकला आणि कारणाच्या रकान्यात 'जमीन ओलसर' असे लिहिले. ती ओलसर होतीच, रोज ओले फेटे तिथेच पडत.

सीताफळाच्या दगडावर चार दिवसांनी एक मादी सापडली. तिच्या पंखांचे सगळे ठिपके मी मोजून लिहिले आणि शेठना दाखवून त्यांची सही घेतली. तिने अकरा अंडी घातली आणि ती मेली. मी तिला कागदाच्या पुडीत घालून वहीत ठेवले. अकरांतून सात अळ्या निघाल्या. अळी हिरवी, डोक्यावर दोन बारीक शिंगे. समोरून पाहिले तर मांजरीचे तोंड. दिवसभर ती गवताच्या बुडाशी निपचित असे आणि ऊन उतरले की पात्याच्या कडेने वर चढून कुरतडू लागे. थंडी वाढली तशा त्या सुस्तावल्या. चाचा रोज संध्याकाळी नांदीशी बसत. अळ्या शोधायला मात्र मला सांगत, "तुमचे डोळे जवान हाये." ते स्वतः एकेका पात्याच्या कडेवरून बोट फिरवत आणि म्हणत, "हे कालचं खाल्लेलं. हे आजचं, अजून ओलं हाये." मग मला म्हणत, "वाचा, काय लिहिलं." मी वाचत असे. त्या दीड महिन्यात त्यांनी मला यादी रोज वाचायला लावली.

सातांतल्या चार अळ्यांचे कोश झाले. हिरव्या मण्यांसारखे ते पात्यांना उलटे लटकले. कार्तिक संपला, मार्गशीर्षही निम्मा झाला. कापणी चाचांच्या कोपऱ्यापर्यंत आली, तो कोपराही कापला गेला, आणि रमणा पार बोडका झाला. भुरीचे गवत म्हणून आता ओसरीवरच्या नांदीतले तेवढेच उरले. शेठनी निरोप पाठवला की पुढच्या सोमवारी अकोल्याची गाडी भरतो आहे, तोवर काय ते कळवा.

शनिवारी सकाळी पहिला कोश काळपट दिसला. मी शेठना बोलावून आणले. ते ओसरीवर बसले, चाचा नांदीपाशी, मी वही उघडून. पडद्याआडही कोणी हलत नव्हते. ऊन ओसरीच्या पायरीवर आले तेव्हा कोश फाटला आणि भुरी बाहेर येऊन पात्याला लटकली. पंख चुरगळलेल्या चिंधीसारखे, ओले.

शेठ पुढे वाकले. "काहीतरी काळं दिसते. टिपकेच हाये हे चाचा."

"वाळू द्या," चाचा म्हणाले.

"पण—"

"शेठ, ओला रंग पाह्यचा नसते. वाळू द्या."

आम्ही थांबलो. पंख हळूहळू खाली उतरत लांब झाले, ताणले, मग तिने ते मिटले. मी पुडी उघडून तिच्या मेलेल्या आईला शेजारी धरले. वाकून पाहिले, पुन्हा पाहिले आणि लिहिले. शेठही पाहत होते.

चाचांनी मात्र नांदीकडे पाहिलेच नाही. ते माझ्याकडे पाहत होते. "बाबू," ते म्हणाले, "वाचा. काय लिहिलं?"

मी वाचले, "आई, ठिपकेवाली. मुलगी, ठिपके नाहीत."

चाचांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे खांदे खाली आले. मग शेठकडे वळून म्हणाले, "मंग?"

"मानलं," शेठ म्हणाले. खिशातून त्यांनी एक चिंधी काढली. "हा पाटलाच्या फेट्यांचा नमुना. सांगा कोणता रंग."

चाचांनी चिंधी मुठीत घेतली. "बसा. पान आणतो."

ते आत गेले. पडदा नीट पडला नव्हता आणि मी दाराच्या अगदी जवळ बसलो होतो. चाचींचा आवाज आला, हलका आणि घाईचा, "अबोली. पण गुलाबी कमी, केशरी जास्त." चाचा बाहेर आले. "अबोली," त्यांनी सांगितले. "गुलाबी कमी, केशरी जास्त." हातात पान नव्हते.

इतके दिवस पान का येत नव्हते ते मला तेव्हा कळले. शेठनी ऐकले की नाही ते सांगता येणार नाही. ते उठले, मी त्यांना पायरीपर्यंत सोडायला गेलो. तिथे थांबून त्यांनी हळूच विचारले, "बाबू, तुमी खोटं नाही लिहीत. चाचाची नजर साफ हाये ना?"

"शेठ, दोन्ही भुऱ्या एकच आहेत," मी म्हणालो. "तुमच्यासमोर लिहिलं."

"हं," शेठ म्हणाले आणि गेले. मला विचारले एक होते आणि मी उत्तर दुसऱ्याच गोष्टीचे दिले होते. माझ्या आठवणीत असे मी एकदाच केले.

दुपारी चाचा एकटे नांदीशी बसले होते. भुरी मलमलीखाली उड्या मारत होती.

"चाचा, दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसते ना. उडून राह्यली ते दिसते. बसली का मंग नाही दिसत." मलमलीची गाठ चाचपत म्हणाले, "दोन सालं झाले. रंग सारे धुराच्या आडून दिसते. टिपके मले दिसतच नव्हते बाबू, म्हणून तं ते एकच दिसलं. तुमाले टिपके दिसले, तुमी दोन लिहून टाकले."

"शेठना कळलं असतं तर?"

"शेठले रंग बरोबर पाहिजे. तो बरोबरच जाते. हिचे डोळे माह्याहून चांगले हाये, पहिल्यापासूनच."

"अन् नाव तुमचं!" पडद्याआडून आवाज आला.

"मंग तुह्यं सांगू का शेठले?"

 आतून बांगड्यांचा आवाज आला आणि कापड पिळल्याचा.

उरलेल्या तीन कोशांतूनही बिनठिपक्याच्याच निघाल्या. पुढच्या भाद्रपदात मी स्वतः एक नांद लावली, तेव्हा मात्र ठिपक्यांच्या मादीची मुले ठिपक्यांचीच झाली. म्हणजे चाचांची पहिली खेप तुरटीने मेली नसती तर तेही शेठसमोर खोटे पडले असते. मी हे त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मंग तुरटीचे उपकार मानायचे." वहीत पंधराव्या क्रमांकापुढे मी 'चौदा पाहा' असे लिहिले. किन्हीराजाचे चाळीस फेटे एका रंगाचे निघाले.

त्यानंतर माझी बदली कामरगावला झाली. काही वर्षांनी एका श्रावणात चाचा गेल्याची खबर आली. मी लगेच मंगरूळला भेटायला गेलो. ओसरीवर चार माणसे बसली होती. नांदी उपड्या घातलेल्या होत्या, फक्त कुंभाराची ती एक नांद सरळ होती आणि तिच्यात गवत वाढलेले होते. थोड्या वेळाने भुरभुरत्या पावसातून शेठ आले. आता त्यांचेही केस पांढरे झाले होते. चाचांच्या रिकाम्या बैठकीकडे पाहून त्यांनी हात जोडले, दोन शब्द बोलले. उठताना खिशातून एक चिंधी काढली. ती पावसात भिजली होती. मला वाटले सवयीने ते ती बैठकीवर ठेवतील. ते थेट दारापाशी गेले, वाकले आणि चिंधी पडद्याखालून आत सरकवली.

"चाची, पन्नास फेटे हाये," ते म्हणाले. "कोणता रंग ते सांगा."

एक हात पुढे आला. चिंधी उचलून थोडा वेळ बोटांत धरली.

"ओली हाये," आतून आवाज आला. "वाळू द्या. मंग सांगू."

शेठ पुन्हा खाली बसले.